व्यसन आणि सुशिक्षितांचा सुस्कारा

आजची तरुण पिढी व्यसनांच्या आहारीं चालली आहे, हा उद्गार यवतमाळच्या सुशिक्षित घरांत हल्लीं इतक्या सहजगत्या निघतो कीं, तो काढणारास आपण कांहीं गंभीर बोललों असें वाटतहि नाहीं. जेवणें होतात, पानाचें तबक फिरतें, त्याच तबकांतली तंबाखू मळतां मळतां कोणी तरुणांच्या अधःपातावर सुस्कारा सोडतो, आणि मंडळी उठतात. प्रस्तुत लेखाचा रोख या सुस्काऱ्यावर आहे.

या जिल्ह्यांत दारूशीं जी झुंज झाली, ती पदवीधरांनीं दिलेली नाहीं. ती दिली मोलमजुरीवर पोट भरणाऱ्या स्त्रियांनीं. संपूर्ण जिल्ह्यांत दारूबंदी व्हावी म्हणून 'स्वामिनी' या नांवाखालीं त्या रस्त्यावर आल्या. गांवचें दुकान बंद करण्याचा जो मतदानाचा मार्ग कायद्यानें ठेविला आहे, तोहि सोपा नाहीं. झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाहीं. यादींतील निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं 'आडव्या बाटली'च्या बाजूनें मत द्यावें लागतें. म्हणजे जी घरीं बसली, तिचें मत आपोआप दुकानदाराच्या पदरांत पडतें. तटस्थतेची किंमत इतक्या स्पष्टपणें सांगणारा दुसरा नियम विरळाच!

यावर आमचे व्यवहारी मित्र म्हणतात, "बंदीनें दारू जात नाहीं, ती चोरटी होते. चंद्रपुराचें काय झालें?" चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं बंदी आली आणि चोरट्या व्यापाराचें कारण देऊन २०२१ सालीं ती उठविण्यांत आली, हें खरें. पण यावरून निष्पन्न काय होतें? वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून बंदी, आणि नदीपलीकडे यवतमाळ खुलें! एका अंगणांत केर काढून शेजारीं उकिरडा राखावयाचा आणि दुर्गंधीबद्दल केरसुणीस बोल लावावयाचा, हा कोणता न्याय? बंदी एकटी अपुरी पडते, एवढेंच यांतून सिद्ध होतें. गडचिरोलींत १९९३ पासून बंदी असूनहि २०१६ सालीं 'मुक्तिपथ' हें अभियान सुरू करावें लागलें, आणि त्यानें गांवसंघटना, कायद्याची अंमलबजावणी व व्यसनग्रस्तांवर उपचार हीं तिन्हीं अंगें एकत्र आणलीं. धडा घ्यावयाचा तो हा.

उपचाराचें नांव निघतांच मात्र आमची वाचा बसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अंमली पदार्थांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांची गणना मानसिक आजारांतच केली आहे. पण आमच्या लेखीं व्यसनी मुलगा अजून कुलकलंकच. दुःख विसरण्यासाठीं माणूस पितो, आणि पिण्यानें दुःख दुणावतें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या या जिल्ह्यास हें सांगावयास नको. शासनानें २०१५ सालीं 'बळीराजा चेतना अभियान' येथें आणलें. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत तर स्थानिक कार्यकर्त्यांस शिकवून लोकांकडे पाठविलें, तेव्हां नैराश्याच्या विकारानें ग्रासलेल्यांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें. तेथें जादू कसली नव्हती. आपल्यांतलेंच माणूस येऊन विचारपूस करूं लागलें, इतकेंच.

मजुराची बायको नवऱ्याची दारू चव्हाट्यावर मांडते. आपण मात्र मुलाची झोप उडाली, तो एकलकोंडा झाला, हें सख्ख्या बहिणीसहि सांगत नाहीं. परीक्षेचा ताण म्हणून झांकून नेतों. पुण्याचें 'मुक्तांगण' १९८६ सालीं उभें राहिलें, तें डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानें. सुशिक्षितांनीं मनांत आणलें, तर त्यांचें पाऊल सुस्काऱ्यापलीकडे पडूं शकतें, याची ही साक्ष.

मागणें फार नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयानें आठवड्याची एक सायंकाळ प्रशिक्षित समुपदेशकास द्यावी. प्रत्येक महाविद्यालयानें पालकांस निकालाखेरीज दुसऱ्या कारणासाठींहि बोलवावें. आणि १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक प्रत्येक घरीं ठाऊक असावा. एवढेंहि ज्यांच्यानें होत नाहीं, त्यांनीं तरुणांच्या अधःपातावर बोलूं नये. त्यांचें मत केव्हांच मोजलें गेलें आहे, आणि तें दुकानदाराच्या बाजूनें!