व्हिडिओ बघणं म्हणजे शिकणं नव्हे!

आपल्या आयटीवाल्यांचा एक लाडका गैरसमज आहे: कोर्स विकत घेतला की स्किल आलं. दीडपट वेगाने व्हिडिओ पळवायचे, सर्टिफिकेट प्रोफाइलवर डकवायचं, झालं अपस्किलिंग! मला सांगा, यात शिकलं कोण?

२०११ साली स्टॅनफर्डतर्फे थ्रन आणि नॉर्विग यांनी एआयचा कोर्स नेटवर फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार जणांनी. शेवटपर्यंत टिकले वीस-तेवीस हजार. काही जण नुसते डोकावायला आले असतील, मान्य. पण एकट्याने शिकताना अडलं, की "मीही इथेच अडकलो होतो" म्हणणारं कुणीतरी लागतंच. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) नुसती पुस्तकं पाठवून हात झटकले नाहीत, अभ्यासकेंद्रंही काढली, ती काय उगाच?

अडलेला प्रश्न नीट मांडणं, काय काय करून पाहिलं ते सांगणं, दुसऱ्याची चूक त्याला न दुखावता दाखवणं... खरं डिजिटल कौशल्य हे आहे, आणि ते चार लोकांतच येतं.

तेव्हा कंपन्यांनो, पुढचं सबस्क्रिप्शन घेण्याआधी पाच-सहा जणांना आठवड्यातून एक तास एकत्र शिकायला द्या. आणि हो, तो तास ऑफिसच्या वेळेतला हवा. आमच्या रविवारचा नव्हे!