उसन्या अपेक्षा

चैत्र संपत आला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि आंब्यांच्या पेट्यांची चौकशी सुरू झाली म्हणजे मध्यमवर्गीय घरांतून आणखी एका चौकशीला ऊत येतो : यंदा सुटींत कोणकोणते चित्रपट येणार? पालघरजवळचें माहीम गांवहि यास अपवाद नाहीं. ज्या गांवाच्या नांवानें एके काळीं सबंध तालुका ओळखला जाई, आणि जेथें पानवेलींच्या वाड्या अजून समुद्राची हवा खात उभ्या आहेत, तेथें संध्याकाळीं ओटीवर चार मित्र जमले कीं वाडीचें पाणी आणि विहिरीचा तळ हे विषय दहा मिनिटांत संपतात; पुढचा तासभर न पाहिलेल्या चित्रपटांचा असतो. "अमक्याचा येतोय, पहिल्याच दिवशीं गांठायचा." "तमक्यानें तीन दिवसांत शंभर कोटी केले नाहींत तर माझें नांव बदल." "आणि मराठी कोणता आहे रे?" "असेल एखादा. घरबसल्या येईल तेव्हां पाहूं." हा संवाद आमच्या वाचकांनीं अनेकदां ऐकला असेल, पुष्कळांनीं त्यांत भागहि घेतला असेल. या संवादाविरुद्ध आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

मित्रांनीं एकत्र बसून येणाऱ्या कलाकृतीची वाट पाहावी यांत गैर कांहींच नाहीं. अपेक्षा बाळगणें हा रसिकतेचा पहिला धर्म होय. ज्याची अपेक्षाच नाहीं त्याची निराशाहि होत नाहीं, आणि निराश न होणारा प्रेक्षक कलेच्या कांहींच उपयोगाचा नसतो. आमची तक्रार निराळी आहे. या अपेक्षा आपल्या नाहींत, त्या उसन्या आहेत. दोन मिनिटांच्या झलकीनें त्या आपल्या हातीं ठेवल्या, आणि आपण त्या स्वतःच्याच समजून मित्रांत वांटल्या. कथा काय असावी, माणसें कशीं असावींत, यांविषयीं त्या तासाभरांत चकार शब्द निघत नाहीं. निघतो तो आंकडा. नफ्यांत आपला पैचा वांटा नसतां दुसऱ्याच्या गल्ल्याची चिंता वाहणारा असा निरिच्छ मुनीम जगांत दुसरा सांपडावयाचा नाहीं!

'उन्हाळी चित्रपट' ही कल्पना या रूपांत मुळीं येथली नव्हे. अमेरिकेंत उन्हाळा हा एके काळीं चित्रपटगृहांचा पडता हंगाम होता; कोंदट जागेंत घामाघूम होऊन बसण्यास कोण जाणार? १९२५ सालीं न्यू यॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहांत विलिस कॅरियर यांनीं हवा थंड करण्याची यंत्रणा बसविली आणि लोक चित्रासाठीं नाहीं तरी गारव्यासाठीं आंत येऊं लागले. पुढें २० जून १९७५ रोजीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'जॉज' चारशेंहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळीं लागला. त्याआधीं दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा भडिमार झाला होता. त्या यशानें धंद्याला एक सूत्र सांपडलें : चित्र चांगलें कीं वाईट हें लोकांनीं एकमेकांस सांगण्यापूर्वींच जास्तींत जास्त तिकिटें विकून मोकळें व्हावें. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हें सूत्र अचूक आहे. प्रेक्षकानें मात्र त्याचा भाट कां व्हावें, हें आम्हांस कळत नाहीं.

या सूत्रानें काय हिरावून नेलें हें पाहावयाचें तर प्रभातच्या 'संत तुकाराम'कडे पाहावें. १९३६ सालचें दामले-फत्तेलाल यांचें तें चित्र मुंबईस एकाच चित्रपटगृहांत वर्षाहून अधिक काळ चाललें, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. वर्षभर चालणारें यश जाहिरातीनें मिळत नाहीं. तें तोंडोतोंडीं वाढतें आणि त्यास वेळ लागतो. खेड्यांतल्या माणसासाठीं तर जत्रेंतल्या तंबूपर्यंत चित्रच चालत येई. त्या फिरत्या तंबूंची अखेरची वाटचाल शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनीं एका अनुबोधपटांत टिपली, आणि २०१६ सालीं कान येथें त्याची विशेष दखल घेण्यांत आली. तंबू उठले तसें खेड्याला मिळणारें तें उशिराचें पण हक्काचें दर्शनहि उठलें.

आतां माहीमच्या कुटुंबाचा हिशेब मांडूं. रिक्षानें किंवा एस. टी. नें पालघर गांठायचें. मनाजोगता खेळ तेथें नसेल तर गाडीनें बोईसर अथवा विरारकडे जायचें. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धांवूं लागली हें खरें, परंतु रात्रीचा खेळ सुटल्यावर लहान मुलांसह घरीं परतणें हें अजूनहि धाडसच आहे. शुक्रवारीं लागलेलें चित्र चांगलें असल्याची वार्ता सोमवारीं कानीं येते, पुढच्या रविवारचा बेत ठरतो. आणि तोंवर तें चित्र एक तर सकाळच्या अडनिड्या वेळेस ढकललेलें असतें, नाहीं तर उतरलेलें असतें. मग ओटीवर निर्णय होतो कीं, "मराठी चित्रें चालतच नाहींत." ज्यास चालूं दिलें नाहीं तो पांगळाच होता, असा हा न्याय आहे!

२८ एप्रिल २०२३ हा शुक्रवार उदाहरणादाखल घ्यावा. त्या एकाच दिवशीं 'महाराष्ट्र शाहीर' आणि 'टीडीएम' हीं दोन मराठी चित्रें लागलीं, आणि मणिरत्नम् यांच्या भव्य चोलकथेचा दुसरा भागहि त्याच दिवशीं आला. 'टीडीएम'च्या मंडळींनीं खेळ मिळत नसल्याची कैफियत लोकांपुढें मांडली. पुढें जूनमध्यें तें चित्र पुन्हां प्रदर्शित करावें लागलें. तत्पूर्वीं, २०१५ च्या एप्रिलांत, मल्टिप्लेक्सवाल्यांनीं मराठी चित्रांस मोक्याच्या वेळीं जागा द्यावी असा निर्णय राज्य शासनानें केला होता. असे निर्णय आवश्यक असतील. पण शासनाच्या फर्मानानें पडदा मिळतो, खुर्चींत बसणारा माणूस मिळत नाहीं. तो माणूस ओटीवर बसून कोटींची बेरीज करीत असतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "वर्षभर काबाडकष्ट करतों, सुटींत डोक्याला ताप कशाला? उन्हाळ्यांत हलकेंफुलकेंच हवें." विनोदी चित्राशीं आमचें वैर नाहीं, चांगला विनोद दुर्मिळ आहे आणि त्यास आमचें पहिलें आसन. परंतु उन्हाळा म्हणजे बुद्धीचीहि सुटी, हा सिद्धांत इतिहासास मान्य नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांतल्या कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें आला तो ३ मे १९१३ रोजीं, ऐन उकाड्यांत. आणि ती कथा राज्य, पत्नी व पुत्र गमावणाऱ्या राजाची होती. एका लोकशाहिरावरील खटल्याची कथा सांगणारा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' १७ एप्रिल २०१५ रोजीं लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. आणि नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ चा. जातीच्या अभिमानानें पोटच्या मुलीचा घास घेणारा तो शेवट पाहून चित्रपटगृहें सुन्न झालीं, आणि तरीहि, किंवा त्यामुळेंच, शंभर कोटींची मजल गांठणारें तें पहिलें मराठी चित्र ठरलें. ज्यांस आंकड्यांचीच भाषा समजते त्यांनीं हा आंकडाहि पाठ करावा.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. "चौघांचीं तिकिटें, जाण्यायेण्याचें भाडें, वर मुलांचें खाणें, एवढे पैसे मोजून वाईट चित्र कां पाहावें?" पाहूंच नये! "मराठी आहे म्हणून पाहा" अशी झोळी पसरणाऱ्या निर्मात्यांचाहि आम्हांस तितकाच कंटाळा आहे. भाषाभिमान हा शिळ्या अन्नावर घालावयाचा गरम मसाला नव्हे. आमचें मागणें दयेचें नसून समान मापाचें आहे. परभाषेंतल्या चित्रावर आपण न पाहतां विश्वास टाकतों आणि स्वभाषेंतल्या चित्रावर न पाहतां अविश्वास दाखवितों. दोन्ही ठिकाणीं न पाहणें सारखेंच, मग निकाल निराळे कां? एकाची झलक खर्चाची आहे आणि दुसऱ्याची नाहीं, यापलीकडे या प्रश्नास उत्तर नाहीं.

आणि खरोखर अपेक्षाच करावयाच्या तर माहीमच्या माणसानें कोणत्या कराव्यात? त्याच्या दाराशीं काय घडत आहे तें पाहा. देशांतलें पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं शेजारच्या तारापुरास सुरू झालें. पुढें त्याच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांस उठावें लागलें. बोईसरच्या कारखान्यांपायीं अनेक प्रांतांचीं माणसें येऊन येथें वसलीं. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरांत झाली, आणि किनाऱ्यावरचे मच्छिमार आपल्या समुद्राचें काय होणार म्हणून त्या बंदरास विरोध करीत आले आहेत. उठलेल्या गांवांतल्या म्हातारीची, वाडी विकावी कीं राखावी या विवंचनेंत पडलेल्या दोन भावांची, बंदरावर नोकरी मागणाऱ्या मुलाची आणि बंदर नको म्हणणाऱ्या त्याच्या बापाची कथा पडद्यावर यावी, अशी अपेक्षा त्या ओटीवर कितीदां उच्चारली जाते? या किनाऱ्याचें चित्र कॅलिफोर्नियांतून येणार नाहीं; हैदराबादेहूनहि नाहीं. तें मराठींत येईल, नाहीं तर येणारच नाहीं. येथल्या पुढच्या पिढीस आपल्या आजोबांची भाषा, त्यांची नांगर आणि होडी धरण्याची ढब, त्यांचें भांडण व त्यांचा विनोद कोठें दिसावयाचा, हा प्रश्न तिकीटखिडकीवर सुटत आहे, आणि तो आपल्या गैरहजेरींत सुटत आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मित्रमंडळींनीं खुशाल जमावें, यादी करावी, वाद घालावा. परंतु प्रत्येक नांवापुढें, त्यानें किती कमवावें याऐवजीं, त्यानें आपल्याला काय दाखवावें हें सांगावें. यादींतलें एक तरी मराठी चित्र निवडून, त्याविषयीं चौकशी करून, पहिल्याच शनिवारीं चार घरांनीं मिळून जावें. चार घरें मिळून गेलीं म्हणजे रात्रीची परतीची गाडीहि सोबतीची होते. आणि परतल्यावर, आधीं जितका वेळ बोललों तितकाच वेळ नंतर बोलावें : चित्र वाईट असेल तर वाईट म्हणावें, कां वाईट तें सांगावें, आणि चांगलें असेल तर सोमवारची वाट न पाहतां रविवारीं सकाळींच गांवभर करावें. पाहण्याआधीं तासभर आणि पाहिल्यावर दोन शब्द, हें प्रमाण जोंवर उलटत नाहीं, तोंवर आपण प्रेक्षक नव्हे, बिनपगारी जाहिरातदार आहों.