कातडे कमावणारे हात आणि मिरवणारे पाय



मुलाने चामड्याचे काम शिकावे की नाही, हा प्रश्न आजही आपल्या वस्तीत दबक्या आवाजातच विचारला जातो. 'बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेले काम पुन्हा कशाला?' असे जुनी माणसे म्हणतात. म्हणून या वेळी आम्ही कोल्हापुरी चपलेच्या कातड्याची गोष्ट सांगणार आहोत.

ही चपल जन्मते कोल्हापूर भागात. पण तिचे कातडे ज्या वस्तूंनी कमावतात, त्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला परक्या नाहीत. बाभळीची साल आणि हिरडा, या दोहोंत तुरट द्रव्य भरपूर असते. आपल्या जंगलात हिरडा आहे, बेहडा आहे, ऐनही आहे. ऐनाची सालही कातडे कमावण्यास चालते. आधी कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सुटे करतात, मांस खरवडतात, स्वच्छ धुतात. मग साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरवतात. पूर्वापार पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, त्यात हे पाणी भरून ती टांगून ठेवतात. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमच्या रसायनाने हेच काम फार लवकर होते, पण त्याचे सांडपाणी नदी-नाल्याला घातक ठरते.

अशा कमावलेल्या कातड्याचा तळ, बकऱ्याच्या मऊ कातड्याची वेणी आणि शिवायला चामड्याचीच वादी. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. पूर्वी याच कातड्याची मोट विहिरीवर चाले, पखालीतून पाणी येई, बैलाचा साज बने.

आता या कलेमागची दुसरी बाजू पाहा. मेलेले ढोर ओढायचे महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, चपल शिवायची चर्मकारांनी. कष्टाची वाटणी जातीने झाली आणि विटाळही जातीनेच वाटला गेला. चपल पायात घालणाऱ्याला विटाळ नव्हता, ती बनवणाऱ्याला मात्र होता! १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हाच विषय काढला होता. मेलेली गुरे ओढणे सोडल्याने उत्पन्न बुडते, असे सांगणाऱ्यांना त्यांनी उलट सवाल केला होता, की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच का करीत नाही? दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली.

तेव्हा बाबासाहेबांचा विरोध सक्तीला आणि अपमानाला होता, कारागिरीला नव्हता. सक्ती गेली असे मात्र कोणी समजू नये. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भरचौकात मारहाण झाली. काम त्यांनीच करायचे आणि मारही त्यांनीच खायचा! त्यानंतर तेथील अनेकांनी मेलेली जनावरे उचलणेच बंद केले.

आता पैशाचा हिशेब मांडू. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकाचे चार-चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड येथे बनवायचे आणि किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक, असे जाहीर झाले. आमच्यासारख्या कारकुनाला पहिला प्रश्न हाच पडतो, की त्यातले शिवणाऱ्याच्या हाती किती? कमावणाऱ्याच्या हाती किती? आणि हिरडा वेचणाऱ्या बाईच्या पदरात किती?

हिरडा वेचणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू ग्रामसभेमार्फत विकून दाखवला. जे बांबूला जमले, ते हिरड्याला का जमू नये?

म्हणून मुलाला जबरदस्तीने या कामात ढकलू नका आणि त्याला आवड असेल तर लाजेने अडवूही नका. शिकायचे असेल तर रीतसर प्रशिक्षण घ्यावे, चार घरांनी मिळून काम करावे, हिशेबाची वही स्वतः लिहावी. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजना कोणासाठी आहेत, आपण त्यात बसतो का, हे अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे. भाव ठरवताना मान खाली घालू नये.

काम कोणते हे जातीने ठरू नये आणि मोल किती हे दलालाने ठरवू नये. एवढे साधले, तर कातडे कमावणाऱ्याला मान खाली घालण्याचे कारण उरणार नाही.