पॅनेल वाढवावे, की बॅटरी घ्यावी?

कन्हान : घराच्या गच्चीवर सौरऊर्जेचे पॅनेल बसवावे की नाही, हा प्रश्न आता मागे पडू लागला आहे. ज्यांनी यापूर्वीच एक-दोन किलोवॅटचा संच बसवला, त्यांच्यापुढे दोन नवे प्रश्न आहेत. संच वाढवावा काय आणि सोबत बॅटरी घ्यावी काय? एका बाजूला कोळशाच्या खाणी आणि जवळच खापरखेड्याचे १३४० मेगावॅटचे औष्णिक केंद्र असलेल्या कन्हानमध्ये या प्रश्नांना विशेष अर्थ आहे. दिवसा गच्चीवर सूर्याची वीज तयार होत असली, तरी रात्रीचा कूलर आजही प्रामुख्याने कोळशावरच चालतो.

आधी विस्ताराचे गणित पाहू. महावितरणच्या हिशेबानुसार एक किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात आणि प्रत्येक टप्प्यातील वीज आधीच्या टप्प्यापेक्षा महाग असते. महिन्याला ४०० युनिट लागणाऱ्या घराचे उदाहरण घेऊ. दोन किलोवॅटचा संच त्यातील २४० युनिट वाचवतो आणि ही बचत वरच्या, महागड्या टप्प्यांतील असते. तिसऱ्या किलोवॅटमुळे वाचणाऱ्या १२० युनिटांपैकी निम्मे सर्वांत स्वस्त टप्प्यातील असतात. चौथ्या किलोवॅटपैकी केवळ ४० युनिट कामी येतात. उरलेली वीज पुढील महिन्यांसाठी जमा होते. मात्र आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना घरगुती दराच्या तुलनेत पुष्कळ कमी मोबदला मिळतो. स्थिर आकार तर कोणत्याही स्थितीत भरावाच लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेची आखणीही अशीच आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. म्हणजेच तीन किलोवॅटपुढील भार पूर्णपणे ग्राहकाचा. २०२४ च्या केंद्रीय नियमांमुळे दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, हा दिलासा आहे. तरीही जुन्या ३३० वॅटच्या पॅनेलच्या साखळीत नवे ५४० वॅटचे पॅनेल जोडणे शहाणपणाचे नाही. एका साखळीतील विद्युतप्रवाह सर्वांत दुबळ्या पॅनेलवर ठरतो. नव्या पॅनेलसाठी स्वतंत्र साखळी लागते आणि इन्व्हर्टरची क्षमता अपुरी असल्यास तोही बदलावा लागतो.

बॅटरीचा विचार वेगळा आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी जाळ्यात दिलेल्या एका युनिटाच्या बदल्यात रात्री एक युनिट मिळतो. घरची बॅटरी भरताना आणि वापरताना थोडी वीज वाया जातेच. त्यामुळे सध्याच्या पद्धतीत बॅटरी बिल कमी करीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु लिथियम बॅटरीवर तो १८ टक्केच राहिला.

मग बॅटरी घ्यायची कशासाठी? खंडित वीजपुरवठ्यासाठी. जाळ्याशी जोडलेला साधा संच पुरवठा बंद होताच भर दुपारीही थांबतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी असल्यास पंखे, दिवे, फ्रिज सुरू राहतात. वारंवार वीज जाणाऱ्या वस्तीत किंवा घरात रुग्ण असल्यास या खर्चाला अर्थ आहे.

मात्र हे सारे गणित नेट मीटरिंगच्या नियमांवर उभे आहे आणि वारे बदलत आहेत. घरगुती स्मार्ट मीटरधारकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली. दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, याचीच ही चाहूल आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ च्या सूचनापत्रात छतावरील संचांनाही दोन तासांची साठवण बंधनकारक करण्याचा विचार वितरण कंपन्यांनी करावा, असे सुचवले आहे. दुपारचा युनिट रात्रीच्या युनिटाच्या बरोबरीचा राहिला नाही, तर बॅटरीचा हिशेब रातोरात बदलेल.

पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते; नियम मात्र काही वर्षांतच बदलतात. या विसंगतीचा भार ज्याने कर्ज काढून संच बसवला, त्याच्यावर पडू नये. संच बसवताना लागू असलेली समायोजनाची पद्धत किती वर्षे टिकेल, हे ग्राहकाला लेखी मिळायला हवे. तोवर बारा महिन्यांची बिले समोर ठेवून वर्षाच्या एकूण वापराइतकाच विस्तार करावा. इन्व्हर्टर बदलायची वेळ आलीच, तर बॅटरी जोडता येईल असाच निवडावा आणि बॅटरीची खरेदी गरज पडेपर्यंत लांबवावी, हे उत्तम.