किकला जोर लागतो?

‘बुलेट ही पुरुषाची गाडी’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा अर्थ कुणाला विचारावा असे कधी वाटलेच नाही. अर्थ उघड होता. या गाडीला किक मारायला पायात बळ हवे आणि ते मुलीच्या पायात कुठून येणार? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा समज मला स्वतःच तपासून पाहावा लागला. तो कसा फसला, हे मित्र-मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी १९८४ सालची बुलेट होती. आजोबा फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी ती घेतली. फौजी माणसाला बुलेटचे वेड असावे यात नवल नाही. १९५५ साली मद्रासला ही गाडी जोडली जाऊ लागली, ती मुळात आपल्या सैन्याच्या मागणीमुळेच. पुढे अण्णांनी तिच्यावर दुधाचे कॅन बांधून पंधरा वर्षे डेअरी गाठली. गेल्या पावसाळ्यात मात्र ती तीन महिने गोठ्याच्या कडेला उभी राहिली आणि नंतर सुरू होईना.

त्याच सुमारास माझ्या वसतिगृहाचा हप्ता भरायचा होता. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आले, चार किका मारून म्हणाले, “बंद गाडीला भंगाराचाच भाव येतो, अण्णा.” ईर्षेने अण्णांनी किका मारल्या. एक किक उलटी आली आणि त्यांचा घोटा सुजला. चुलत्यांनी मारल्या, शेजारच्या पोरांनी मारल्या. मग एका संध्याकाळी चुलत्यांनी नवा प्लग घातला, कार्बोरेटर धुतला, बॅटरी चार्ज केली, सगळे एकदमच. गाडी सुरू झाली नाही. आणि झाली असती, तरी कशाने झाली हे कुणालाच सांगता आले नसते.

मी जवळ गेले तर चुलते म्हणाले, “व्हय बाजूला, तुझं काम न्हाई त्ये.”

पहिल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला मिलची व्यतिरेक पद्धती शिकवली होती. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणामात काय फरक पडतो ते पाहायचे. मी ते गाईडमधून पाठ करून परीक्षेत लिहिले होते. त्याचा कुठे उपयोग असतो, हे मला त्या दिवशी गोठ्यात उमगले.

तालुक्याला मामांचे गॅरेज आहे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, बाळ. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. कुठली नाही ते आधी शोध, मग पान्याला हात लाव.”

किक हाताने हळूहळू दाबली, तर ती एका जागी घट्ट लागत होती. म्हणजे दाब होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल शोषते, म्हणून टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरले. गाडी सुरू झाली नाही. पण प्लग काढला तर ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होते. उरली ठिणगी.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटजवळ अँपिअरची सुई असते. स्विच चालू करून किक हळू दाबत गेले, की पॉइंट मिटल्यावर सुई उणे बाजूला झुकते आणि ते उघडल्यावर मध्यावर येते. आमची सुई हललीच नाही. दिवा लावला तर मात्र हलली. म्हणजे बॅटरी ठीक होती, पॉइंटमधून वीज जात नव्हती. झाकण उघडले, तर पावसाळी हवेने पॉइंटवर पापुद्रा धरला होता. बारीक पॉलिश पेपरने ते घासले, पुसले, फिलर गेजने फट ०.३५ मिलिमीटर ठेवली. सुई झुकू लागली.

आता किक. प्लग आधीच पुसून वाळवून बसवला होता. मामांनी सांगितले तसे, सुई मध्यावर येईपर्यंत किक दाबली, डीकॉम्प ओढून ती किंचित पुढे नेली, डीकॉम्प सोडला, किक वर येऊ दिली. अशाने दट्ट्या वरच्या टोकापलीकडे जातो आणि पुढचा दाब येईपर्यंत इंजिनाला जवळजवळ दोन फेरे मोकळे मिळतात. अर्धवट किकेत दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पडून तो मागे ढकलला जातो. अण्णांचा घोटा त्यानेच सुजला. मग ॲक्सिलेटरला हात न लावता सगळे वजन टाकून किक तळापर्यंत नेली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली.

वजन लागते हे खरे. पण माझे सेहेचाळीस किलो पुरले. मी चुलत्यांहून शहाणी आहे असेही नाही. त्यांच्यापाशी जोर होता, म्हणून त्यांना थांबून विचार करण्याची गरज पडली नाही. माझ्यापाशी तो नव्हता, म्हणून मला पद्धत शोधावी लागली. पुष्कळ कामे ‘ताकदीची’ म्हणून मुलींपासून दूर ठेवली जातात. त्यांतली कितीतरी खरे म्हणजे माहितीची असतात, आणि ती माहिती आम्हांला कुणी दिलेली नसते.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक दुपार महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर एखादे बंद पडलेले यंत्र ठेवावे, गावातला एखादा मिस्त्री बोलवावा आणि मुला-मुलींनी दोष क्रमाने शोधावा. तर्कशास्त्राचा तास वर्गात होतो, तसा तिथेही व्हावा. मग व्यतिरेक पद्धती गाईडमधून पाठ करावी लागणार नाही.

गिऱ्हाईक पुन्हा आले तेव्हा त्यांना गाडी सुरू करून दाखवायला अण्णांनी मलाच हाक मारली. पहिल्या भावाच्या दुपटीहून अधिक पैसे आले, हप्ता भरला गेला. गाडी गेली याचे वाईट वाटते. परंतु ती भंगारात गेली नाही, चालत गेली.