चार चाकांचे खूळ

आमच्या भाच्याने पिकअप घेतली तेव्हा त्याने पेढे वाटले. ती चिखलात रुतली तेव्हा मला बोलावले. मामा या नात्याचा अर्थ आमच्या जाफराबादेत असाच लावतात.

महिना जुलैचा. हिरवी मिरची तोडून गोण्या भरलेल्या. तिकडे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात व्यापारी काटे लावून बसलेले, आणि इकडे शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या दीड किलोमीटर पाणंदीत आमची गाडी मागच्या चाकांनी विहीर खणीत होती. मी पोचलो तेव्हा अर्धा पुरुष काम झाले होते. भाचा आणखी थोडा रेटता तर पाणी लागले असते.

शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी जुंपून रात्री गाडी निघाली. मिरची दुसऱ्या दिवशी गेली. गोणीत तापलेली, देठ काळे पडलेली, मिळेल त्या भावाने. तोडणीची मजुरीदेखील सुटली नाही. भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते भलतेच.

"मामा, गाडी फोर व्हील करून घेतो."

"तिला चार चाकं आहेतच की रे."

"चार हायेत, पण जोर दोनालाच. पुढची दोन नुसती बसून खातात!"

एका मिस्त्रीने त्याला "होतंय की!" असे सांगितले होते. माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त पैसे ज्या दोन शब्दांपायी घालवले, ते हेच. आमचे घरसुद्धा एका गवंड्याच्या "होतंय की" वरच उभे आहे, म्हणजे बरेचसे उभे आहे.

माझा चार चाकांना विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी पंचायत समितीची जीप मी पाहिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडलेली ही विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांड्या असत. एक ओढली की पुढच्या चाकांना जोर मिळे, दुसरी ओढली की गाडी मुंगीच्या पावलाने पण हत्तीच्या ताकदीने निघे. साहेब आत बसलेले असूनही ती जीप ओढ्यातून वर येई, यावरून तिची ताकद लक्षात यावी. पण ती जन्मतःच तशी होती. तिच्या पोटात नंतर कुणी काही कोंबलेले नव्हते.

आणि इथे कोंबायचे म्हणजे काय काय? भाच्याने वहीच्या पानावर यादी आणली होती. गिअरबॉक्समधून जोर बाहेर पडायला एकच तोंड, मागे जाणारे. तेव्हा तो जोर दोन्हीकडे वाटायला ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी हवी. तिच्यातून पुढे जाणारा शाफ्ट हवा. पुढे डिफरन्शियलसकट नवा एक्सल हवा. पुढच्या चाकांना फिरता फिरता वळायचेही असते, म्हणून त्या एक्सलच्या टोकांना वाकणारे सांधे हवेत. एक्सल बसवायचा तर इंजिनाचा तळ आडवा येतो, म्हणून गाडी उचलून घ्यायची. उचलली की पाटे बदलायचे, स्टिअरिंगचे दांडे वाकवायचे, चेसिसला नव्या पट्ट्या डकवायच्या. शिवाय पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या दातांचे प्रमाण तंतोतंत एक हवे. नाही तर पुढची चाके एक म्हणणार, मागची दुसरे, आणि या भांडणात मधली पेटी फुटणार. कुठलेही एकत्र कुटुंब पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यायला नको.

"एवढं सगळं बसवल्यावर मूळ गाडीचं काय राहतं?" मी विचारले.

"नंबर प्लेट," भाचा म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता.

त्या नंबर प्लेटचीही खात्री नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच सांगते की, कारखान्याने ठरवलेल्या आणि आर.सी. बुकात नोंदलेल्या गाडीत मूलभूत फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट त्या पेटीवर ठेवणार. वर या लोखंडाचे वजन वाढेल तितकी मिरची कमी भरायची. म्हणजे गाडी सगळीकडे जाणार, पण घेऊन काय जाणार, तर स्वतःला!

बरे, एवढे करून ती पाणंदीतून निघेल का? इथेच खरी मेख आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव आपल्यातल्या काही माणसांसारखा असतो. जिथे प्रतिकार कमी तिकडे सगळा जोर. दोन चाकांपैकी जे घसरते तेच गरगरा फिरते आणि घट्ट जमिनीवरचे स्वस्थ उभे राहते. चारी चाकांना जोर दिलात तर पुढचे एक आणि मागचे एक, अशी दोन फिरतील. आधी एक विहीर होत होती, आता दोन होतील. त्यातून आमची काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात ती फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी गच्च बसते, की नवा टायरही लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. मग चार काय, अठरा चाके लावा. ज्याला खरोखरच हवी त्याने कारखान्यातून तशीच तयार निघणारी गाडी घ्यावी. पण आहे तिची चिरफाड करू नये.

आणि माझा खरा राग पुढेच आहे. ज्या पाणंदीत गाडी रुतली, तिच्यातून माझ्या लहानपणी दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी कुणाला थांबावे लागत नसे. आता एक पिकअप दोन्ही बाजूंची बोरी-बाभळी अंगावर घेत जाते. पाणंद आटली नाही, ती खाल्ली गेली. दरसाल दोन्हीकडून एकेक तास, नांगराच्या एका फेऱ्याएवढे. कडेचे चर बुजले, म्हणून पाणी वाटेत आले. वाट आणि ओढा यांत फरक उरला नाही. केळना आणि धामना यांचा संगम जाफराबादेला आहे, हे ठाऊक होते. पण पावसाळ्यात तिसरी नदी आमच्या पाणंदीतून वाहते.

यावर उपाय नाहीत असे नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली वाटेतला अडथळा तहसीलदार काढू शकतात. १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट देते. २०२१ साली तर शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजनाही निघाली. कायदा आहे, मुरूम आहे, रोलर आहे. नाही ती फक्त एका तासाएवढी जमीन. रस्ता प्रत्येकाला हवा आहे, फक्त तो शेजाऱ्याच्या रानातून हवा आहे. म्हणून आम्ही रस्ता दुरुस्त करीत नाही, गाडी दुरुस्त करतो. जोडा बोचतो म्हणून पाय तासून घेण्यातलाच हा प्रकार!

हे सगळे मी भाच्याला ओसरीवर बसून ऐकवले. चांगला अर्धा तास बोललो. शेवटी आवाजही चढला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला,

"मामा, पाणंदीला लागून पहिलं रान कुणाचं?"

मी पाणी मागितले.

ते रान माझे आहे. वडिलोपार्जित. वडिलांच्या वेळी बांधावरची बाभूळ माझ्या आठवणीत वाटेच्या कडेला होती. आज ती माझ्या कपाशीत आहे. झाड चालत आलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी दोरी धरून बांध दोन पावले मागे घेतला आणि चर पुन्हा खोदला. समोरचे शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते. "चांगलं काम करताय," म्हणाले. अजून बघतच आहेत. गाडी अद्याप दोनच चाकांवर चालते. पावसात ती सडकेवर उभी राहते, मिरची तिथवर बैलगाडीने जाते, आणि बैलांना चारी पायांना जोर असतो. मिस्त्रीला मात्र भाच्याने अजून नाही म्हटलेले नाही. समोरचा बांध हलला की म्हणणार आहे.