भूत नको, गोळी दाखवा

देवबागला आलेले पर्यटक संगम, डॉल्फिन आणि सुनामी आयलंड विचारून झाले की हमखास विचारतात, ‘ते अण्णा नाईकांचं घर इथून किती लांब?’ ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा आकेरीत, कुडाळ तालुक्यात. आमचं गाव कर्ली नदी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. पण पडद्याने सगळं कोकण एकच करून टाकलंय: माड, कौलं आणि माजघरात विचित्र हसणारं कुणीतरी.

2016 मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून विरोध झाला. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असं लोक म्हणाले. बरोबरच होतं. पण जी माणसं एकटीच बडबडतात, दचकतात, घुमी होऊन बसतात, ती याच गावांत खरोखर राहतात आणि त्यांचीही बदनामी होते, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. पांडूच्या विसरण्यावर तर अख्खा महाराष्ट्र हसला. मीम अजून फिरतात.

माझा मामेभाऊ बोटीवर असतो आणि रोज रात्री गोळी घेतो. त्याच्या बोटीत बसलेली पोरं एकमेकांना ‘मेंटल’ म्हणतात, तो त्यांना लाइफ जॅकेट चढवतो. एकदा मी त्याला म्हटलं, तुझ्यावर कुणीतरी मालिका काढायला हवी. तो म्हणाला, ‘माका सिरीयलीत कोण घेतलो? मी धा वाजता झोपतंय.’

माझं भांडण इथेच आहे. पडद्यावरचा रुग्ण कधी दहा वाजता झोपत नाही. तो रात्री अंगणात फिरतो, सुरी उचलतो, नाहीतर त्याला धरून शॉक देतात. आपल्याकडे 2017 च्या कायद्याने भूल न देता शॉक द्यायला आणि रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली. सिनेमाच्या डोक्यातली ती खोली मात्र अजून तशीच आहे. म्हणून आमच्याकडे ‘रत्नागिरीला नेऊ या’ म्हटलं की घर हादरतं. तिथे सरकारी मनोरुग्णालय आहे. बहुतेकांनी ते कधी बघितलेलं नसतं, सिनेमातलंच बघितलेलं असतं.

‘भूल भुलैया’चं बघा. 2007 च्या सिनेमात अवनीला आजार असतो आणि तिला बरं करायला मानसोपचारतज्ज्ञ येतो. त्याचे उपचार म्हणजे एक मोठं नाटकच, पण ‘हे भूत नाही, आजार आहे’ एवढं तरी तो सिनेमा बोलला. 2022 मध्ये दुसरा भाग आला आणि भूत खरंखुरं झालं. पंधरा वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो? तो हॉरर-कॉमेडी आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरात आजारी बाईला डॉक्टरआधी गाऱ्हाण्याला नेतात, त्याने ते मनावर घ्यायचं नाही तर कुणी?

चांगलं काही झालंच नाही, असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (2004) स्किझोफ्रेनिया आहे आणि त्या आजाराने थकलेली बहीणही आहे. त्यांच्याच ‘कासव’मध्ये नैराश्यातला एक मुलगा कोकणच्या किनाऱ्यावर येतो. त्याला कुणी भाषण देत नाही. जेवायला घालतात, घुश्शात असला तर असू देतात. या सिनेमाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. तरी माझी एक कुरकुर आहेच: आजारी माणूस शहरातून येतो आणि समुद्र त्याच्या कामी येतो. गोव्यातली ‘डिअर जिंदगी’सुद्धा तशीच. मग जो याच वाळूत जन्मला, ज्याच्या घराकडे दर पावसाळ्यात समुद्र सरकतो, त्याने बरं व्हायला कुठे जायचं? दादरला?

वेबसिरीजवाले इकडे लोकेशन शोधायला येतात, पडकं घर मिळेल का विचारतात. त्यांनी त्याऐवजी हे लिहून बघावं. नव्या गोळीने तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, सकाळी डोळा उघडत नाही आणि डॉल्फिनची पहिली बोट तर उजाडताच काढायची असते. लग्नाच्या बोलणीत हे सांगायचं की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. गोळ्या संपायला आल्यात, आणायला तालुक्याला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. गेल्या महिन्यात त्याला बरं वाटलं म्हणून त्याने गोळी स्वतःच बंद केली होती, हे फक्त आईला माहीत आहे. आणि आज समुद्र खवळलाय.